मिस जोन्स, दुसरीच्या: लानेलीतल्या शिक्षकांच्या आठवणी नोंदवताना

"तुमच्या बाई कशा होत्या?" हा प्रश्न सुरुवातीला विचारायचा नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला तो विचारला की उत्तर ठरलेलं येतं: "कडक होत्या, पण मनाने फार चांगल्या." हे वाक्य कुठल्याही गावातल्या कुठल्याही बाईंना लावता येतं, आणि नेमक्या त्या बाई त्यातून दिसत नाहीत. त्याऐवजी "फाटकातून आत या आणि मला तुमच्या बाकापर्यंत घेऊन चला" असं म्हटलं की माणूस मनाने चालू लागतो. मुलींचं फाटक कुठलं, मुलग्यांचं कुठलं, कोट कुठल्या खुंटीवर टांगायचा, पावसात भिजलेल्या लोकरीचा वास, शेगडी वर्गाच्या कुठल्या कोपऱ्यात होती, तिच्याजवळची जागा कोणाला मिळायची. शेगडीपाशी पोचलं की बाई आपसूक येतात, कारण तास चालू असताना तिच्यात कोळसा घालायला बाईच उठायच्या.

लानेली हे दक्षिण वेल्समधलं, लोखर नदीच्या खाडीवरचं औद्योगिक शहर. लोखंडी पत्र्याला कथलाचा मुलामा देण्याच्या कारखान्यांमुळे त्याला 'टिनोपोलिस' म्हणत. घरात वेल्श, कारखान्यात दोन्ही भाषा, शाळेत बहुतेक इंग्रजी, रविवारी चॅपलमध्ये पुन्हा वेल्श, असं इथल्या कित्येक पिढ्यांचं बालपण गेलं. स्थानिक इतिहासात रस असलेली आम्ही काही मंडळी इथल्या प्राथमिक शिक्षकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो आणि जमेल तिथे कागदपत्रांशी ताडून पाहतो. ध्वनिमुद्रण आणि कागद जुळवणं हे काम माझ्याकडे असतं. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहिते आहे.

माणसं कुठे शोधायची याचं सोपं उत्तर म्हणजे चॅपलचा दिवाणखाना, रग्बी क्लब, ग्रंथालयातला स्थानिक इतिहास विभाग आणि वृद्धनिवास. पण कोणाला आधी भेटायचं हे महत्त्वाचं. अकराव्या वर्षी व्हायच्या परीक्षेत पास होऊन ग्रामर स्कूलला, म्हणजे निवडक मुलांच्या माध्यमिक शाळेला, गेलेले लोक आपली शाळा प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगत आलेले असतात. त्यांची गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते. जे त्या परीक्षेत मागे राहिले त्यांना सहसा कोणी विचारलेलंच नसतं. त्यांच्या आठवणींत कोपरे शाबूत असतात, आणि शिक्षकांबद्दलचं त्यांचं मत पुष्कळदा वेगळं आणि जास्त नेमकं असतं. भावंडं एकाच बाईंच्या हाताखालून गेली असतील तर आधी वेगवेगळी भेटावीत आणि नंतर फोटो मध्ये ठेवून एकत्र बसवावीत. उलट केलं तर मोठी बहीण बोलते आणि धाकटा भाऊ मान डोलावतो.

पहिली भेट रेकॉर्डरशिवाय, अर्ध्या तासाची. जन्मवर्ष, कोणत्या शाळेत कधीपासून कधीपर्यंत, त्या वेळी घर कुठल्या रस्त्यावर होतं, भावंडं, आठवतील त्या शिक्षकांची नावं, आणि बोलणं कुठल्या भाषेत व्हायला हवं, एवढंच लिहून घ्यायचं. भाषेचा प्रश्न सौजन्यापुरता विचारून सोडून देण्यातला नाही. ज्या बाई वर्गात इंग्रजी बोलत पण मूल पडलं, रडलं, आजारी पडलं की वेल्शमध्ये बोलत, त्यांची ती दुसरी वाक्यं इंग्रजी मुलाखतीत येतच नाहीत. वेल्श बोलणारा मुलाखतकार नसेल तर भेट पुढे ढकलावी. दुभाषा बसवला की बोलणारा माणूस दुभाष्याशी बोलू लागतो आणि आठवण सांगायचं सोडून माहिती देऊ लागतो.

मुद्रणाच्या दिवशी खोली आधी कानांनी तपासायची. फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, रस्त्याकडची खिडकी. फ्रिज बंद केला तर आपल्या गाडीची किल्ली त्याच्यात ठेवायची, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरातून निघता येत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर लावायचा. माळ, चष्म्याची दोरी आणि लोकरीच्या कार्डिगनची कड माइकला घासते आणि तो खरखराट नंतर काढता येत नाही. म्हणून माइक लावून त्यांना पुढे वाकायला, कप उचलायला सांगायचं आणि हेडफोनवर ऐकायचं. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर. स्टिरिओत तासाला साधारण १ गीगाबाइट जागा लागते. एमपी३ नको, तो आवाजातलं काही कायमचं टाकून देतो आणि अभिलेखागारं मूळ फाइल मागतात. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलायची, मग अर्धा मिनिट कोणीही काही बोलायचं नाही. खोलीचा तो रिकामा आवाज संपादनात उपयोगी पडतो. एक ते दीड तासाच्या पुढे जायचं नाही. त्यानंतर आठवणी थकतात, आणि थकलेला माणूस सोपं उत्तर देतो.

आता प्रश्न. आमचा क्रम दिवसाच्या क्रमाने जातो: घरून निघणं, फाटक, प्रार्थना, हजेरी, पहिला तास, दूध, मैदान, जेवण, दुपार, शुक्रवार. प्रत्येक ठिकाणी वस्तू विचारायची, स्वभाव विचारायचा नाही. हजेरी कशाने घ्यायच्या, पेनने की पेन्सिलने? वही टेबलावर असायची की हातात? बाईंच्या टेबलाचा खण कधी उघडा पाहिलात का? त्यांच्या बोटांवर काय लागलेलं असायचं, खडू की शाई? त्या उभ्या कुठे राहायच्या?

दुधाची बाटली हा सगळ्यांत हमखास चालणारा विषय आहे. १९४६ च्या कायद्याने शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पिंट, म्हणजे १९० मिलिलिटरच्या आसपास, दूध फुकट मिळू लागलं. माध्यमिक शाळांतलं दूध १९६८ मध्ये आणि सात वर्षांवरच्या मुलांचं १९७१ मध्ये बंद झालं. वेल्समधल्याच मर्थिर टिडव्हिल शहराच्या नगरपालिकेने तर हा आदेश सुरुवातीला मानलाच नव्हता. या दुधाबद्दल प्रत्येकाकडे काहीतरी असतं: थंडीत गोठून वर आलेली साय, ती वितळावी म्हणून शेगडीपाशी ठेवलेला क्रेट, त्यामुळे कोमट होऊन लागणारा नकोसा वास. इथेच बाईंबद्दल विचारायचं. दूध नको म्हणणाऱ्या मुलाचं त्या काय करायच्या? बाटल्या कोण वाटायचं, आणि ते काम कोणाला कधीच मिळायचं नाही? एका बैठकीत या शेवटच्या प्रश्नावर टिनप्लेट कामगाराच्या घरातल्या एक आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मला. माझे हात स्वच्छ नसायचे. पण बाई मला रोज पुठ्ठ्याची झाकणं गोळा करायला सांगायच्या, आणि त्याच्यासाठी आधी हात धुवायला लागायचे. गरम पाणी त्यांच्या खोलीत होतं." तोवर त्या त्याच बाईंना फक्त कडक म्हणत होत्या. ही पुठ्ठ्याची झाकणं धुऊन, दोन-दोन एकावर एक ठेवून, मधल्या भोकातून लोकर ओवून गोंडे करायचे. हे काम इतक्या जणांना आठवतं की त्यावरून काळाचाही अंदाज येतो, कारण पुठ्ठ्याची झाकणं आधीची आणि चांदीच्या कागदाची नंतरची.

दुसरी अशीच वस्तू म्हणजे भिंतीवर लटकणारा सोल-फा स्वरांचा, म्हणजे डो-रे-मी अशा अक्षरांत स्वर लिहायच्या पद्धतीचा, उभा तक्ता. जॉन कर्वेनची ही पद्धत वेल्समध्ये चॅपल आणि शाळा दोन्हीकडे रुजली. स्तोत्रांची पुस्तकंसुद्धा त्या अक्षरांत छापलेली असत, त्यामुळे रेघांवरचं नोटेशन कधीही न शिकलेले खाणकामगार चार आवाजांत गात. बाई लांब काठीने तक्त्यावर वर-खाली स्वर दाखवायच्या आणि वर्ग गायचा. या ठिकाणी माणसाला गायला सांगावं. काठी 'डो' वरून थेट 'सो' वर गेली की वर्गाचं काय व्हायचं, बाई चूक कशी ओळखायच्या, कोणाला पुढे बोलवायच्या आणि कोणाला फक्त ओठ हलवायला सांगायच्या, हे सगळं गाता गाता बाहेर येतं. "फक्त ओठ हलव" हे वाक्य आयुष्यभर मनात ठेवलेली माणसं कमी नाहीत. ते नोंदवताना हसण्यावारी नेऊ नये.

१ मार्च, वेल्सचे राष्ट्रीय संत डेव्हिड यांचा दिवस, वेगळा विचारावा. सकाळी शाळेची आइस्टेडफॉड, म्हणजे पाठांतर, गाणी आणि हस्ताक्षराच्या स्पर्धा, आणि बहुतेक ठिकाणी दुपारी सुट्टी. मुलींना शाल आणि उंच काळी टोपी, नाहीतर डॅफोडिलचं फूल. मुलग्यांच्या कोटाला लीक या कांद्यासारख्या भाजीची पात, जी दुपारपर्यंत खाऊन संपलेली. या दिवशी शिक्षकांचे आवडते विद्यार्थी कोण ते उघड व्हायचं, कारण पाठांतराची तयारी बाई शाळा सुटल्यावर करून घ्यायच्या आणि ती सगळ्यांची करून घेणं शक्य नसायचं.

भाषेबद्दल विचारताना एक खबरदारी घ्यावी लागते. वेल्श बोलल्याची शिक्षा म्हणून गळ्यात लाकडी पाटी अडकवण्याची 'वेल्श नॉट'ची प्रथा एकोणिसाव्या शतकातली. पुढे शाळा-तपासनीस झालेले ओ. एम. एडवर्ड्स यांच्या गळ्यात ती लहानपणी अडकवली गेली होती आणि त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. १९४० किंवा १९५० च्या दशकात लानेलीत शिकलेला माणूस ती स्वतः पाहिल्यासारखी सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आजोबांकडून ऐकलेलं आणि वेल्श बोलल्याबद्दल स्वतःला बसलेला एखादा धपाटा त्याच्या मनात एक झालेला असतो. अशा वेळी वाद घालायचा नाही. "पाटी कशाची होती, दोरी कसली, ती दिवसभर कुठे ठेवायचे?" असं विचारायचं. स्वतः पाहिलेल्या वस्तूला कड असते, वजन असतं. ऐकलेल्या वस्तूला फक्त नाव असतं. उत्तर जसं येईल तसं ठेवायचं आणि टिपणात आपला अंदाज वेगळा लिहायचा.

याची दुसरी बाजूही लानेलीत आहे. वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा १९३९ मध्ये ॲबरिस्टविथला सात मुलांनिशी खासगी म्हणून सुरू झाली, आणि नोरा आयझॅक तिच्या शिक्षिका होत्या. स्थानिक सरकारी शिक्षण खात्याने चालवलेली पहिली शाळा मात्र लानेलीची, इस्गोल देवी संत (म्हणजे संत डेव्हिड शाळा), १ मार्च १९४७ ची. त्यामुळे या शहरात एकाच गल्लीतल्या दोन मुलांच्या आठवणी भाषेबाबत अगदी उलट असू शकतात. दोघांनाही आपापली शाळा म्हणजेच गावाची रीत वाटते.

सन ठरवणं हा पुढचा भाग. "मी सात वर्षांचा असेन" याला दोन वर्षं इकडे-तिकडे धरायची. खुंट्या मारलेल्या घटना विचारायच्या. स्वान्झीवर सलग तीन रात्री बॉम्ब पडले ते १९ ते २१ फेब्रुवारी १९४१. लानेलीतून पूर्वेचं आकाश लाल दिसत होतं, आणि त्या वेळी शाळेत असलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशीचा वर्ग आठवतो. १९४७ चा हिमवर्षाव आणि १९६३ च्या सुरुवातीचा. गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन उठलं तो फेब्रुवारी १९५३, आणि त्याच वर्षी जूनमध्ये एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक, ज्याच्या आठवणीचा कप अजून कपाटात असतो. दशमान नाणी आली ती १५ फेब्रुवारी १९७१ ला, आणि त्याआधी बाईंनी पुठ्ठ्याची नाणी कापून घेतली होती. आणि ३१ ऑक्टोबर १९७२, लानेलीने रग्बीत न्यूझीलंडला ९–३ ने हरवलं तो मंगळवार. त्या दिवशी वर्गात कोण शिक्षक हजर होते आणि कोण नव्हते हे लोक अजून नावानिशी सांगतात.

एक तारीख मात्र आपण होऊन विचारायची नाही. २१ ऑक्टोबर १९६६, दक्षिण वेल्समधलं ॲबरफॅन हे खाणीचं गाव. कोळशाच्या मातीचा ढीग घसरून पँटग्लास शाळेवर आला, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली, त्यांत पाच शिक्षक होते. लानेली तिथून दूर आहे, तरी त्या वेळी प्राथमिक शाळेत असलेली माणसं स्वतःहून तिथे येतात: आमच्या बाईंनी त्या सोमवारी हजेरी घेताना प्रत्येकाकडे पाहिलं, अशा तऱ्हेचं काही. ते येऊ द्यायचं, मध्ये प्रश्न घालायचा नाही, आणि मुद्रण थांबवायचं का हे विचारायचं.

हे सगळं हातात आल्यावर बाई म्हणजे कोण हे शोधायचं, आणि इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस एवढ्या आडनावांत अर्धं गाव बसतं. एका शाळेत एकाच वेळी तीन मिस जोन्स असणं अगदी साधी गोष्ट आहे. मुलांनी त्यांना वर्गावरून, रस्त्यावरून किंवा अंगकाठीवरून वेगळं केलेलं असतं. म्हणून नावाबरोबर नेहमी चार गोष्टी विचाराव्यात: कोणता वर्ग, कुठे राहायच्या, कुठल्या चॅपलला जायच्या, कशा यायच्या, म्हणजे पायी, सायकलने की बसने. चॅपलचा प्रश्न आणखी एका कारणासाठी लागतो. त्याच बाई रविवारच्या शाळेतही शिकवत असत, आणि रविवारच्या शाळेतली आठवण सोमवारच्या वर्गात सरकलेली असते. बायबलची वचनं, सहलीचा चहा, वेल्शमधली शाबासकी हे आलं की "हे कुठल्या इमारतीत?" असं विचारून घ्यावं.

'मिस' याचाही अर्थ पाहावा लागतो. १९४४ च्या शिक्षण कायद्यापर्यंत बहुतेक ठिकाणी लग्न केलेल्या शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या जवळपास सगळ्या बाई 'मिस' आहेत, आणि एखादी लाडकी बाई अचानक "निघून गेली" ही मुलांची तक्रार म्हणजे पुष्कळदा लग्न. १९४४ नंतर त्यांतल्या काही जणी नव्या आडनावाने, मिसेस होऊन, परत वर्गावर आल्या. मुलांना त्या दोन वेगळ्या बाई वाटतात. इथे १९३९ चं रजिस्टर फार कामाला येतं. युद्ध सुरू होताच केलेली ही घरोघरची नोंद पुढे आरोग्यसेवेने कित्येक वर्षं वापरली, त्यामुळे त्यात बायकांची लग्नानंतरची आडनावं जुन्या नावावर रेघ मारून वर लिहिलेली सापडतात. व्यवसायही असतो. जिवंत असू शकतील अशा लोकांच्या ओळी झाकलेल्या असतात, पण १९३० मध्ये शिकवत असलेल्या बाई सहसा त्यात मोडत नाहीत. १९२१ च्या जनगणनेत नोकरी देणाऱ्याचं नाव विचारलं होतं, म्हणून शिक्षण समितीत काम करणारी मिस जोन्स आणि दुकानात काम करणारी मिस जोन्स वेगळ्या करता येतात. १९३१ ची जनगणना आगीत गेली आणि १९४१ ची झालीच नाही, म्हणून या दोन नोंदींवरच भार पडतो. शिक्षकांच्या नोंदणी मंडळाची १९१४ ते १९४८ ची पानंही ऑनलाइन आहेत, त्यांत प्रशिक्षण कुठे झालं आणि नोकऱ्या कुठे केल्या हे असतं. लानेलीच्या मुली बहुधा स्वान्झीच्या किंवा बॅरीच्या अध्यापक महाविद्यालयात जात, मुलगे कार्मार्दनच्या ट्रिनिटीत. युद्धानंतर सैन्यातून थेट आलेले, साधारण वर्षभराच्या तातडीच्या प्रशिक्षणातून तयार झालेले शिक्षकही होते. मुलांना ते लगेच वेगळे वाटायचे: आवाज मोठा, फळ्यावरचं अक्षर वाईट, आणि दुपारी नकाशा काढून सांगितलेल्या उत्तर आफ्रिकेच्या गोष्टी.

जुनी वर्तमानपत्रं शोधताना शहराचं नाव दोन्ही प्रकारे टाकावं. १९६६ पर्यंत इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'वाय' होता, नंतर 'आय' आला. नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने १९१९ पर्यंतची वेल्समधली वर्तमानपत्रं फुकट खुली केली आहेत, पुढच्या काळासाठी स्थानिक ग्रंथालयातल्या मायक्रोफिल्म लागतात.

मग येतं लॉगबुक. आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर आणि शेरेबुक असतं, तशी इथे दाखल रजिस्टर आणि लॉगबुक. १८६२ च्या नियमावलीपासून मुख्याध्यापकाने त्यात नोंद करायची, सुरुवातीला रोज आणि पुढे आठवड्यातून निदान एकदा, असा दंडक होता, आणि सर्वसाधारण मतं लिहायला मनाई होती. वस्तुस्थिती लिहायची: हजेरी, हवामान, आजार, तपासनीसाची भेट, कोण रुजू झालं, कोण सोडून गेलं. त्यामुळे लॉगबुकात शिक्षिका दिसते ती बहुधा गैरहजर राहिल्यावर. ज्या आठवड्यांत ती नीट शिकवत होती त्या आठवड्यांत तिच्याबद्दल एक अक्षर नसतं. आठवणींत नेमकं उलट असतं, आणि म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लागतात.

एक उदाहरण देते. एका वर्गातल्या तिघांनी, एकमेकांशी न बोलता, सांगितलं की बाई एका हिवाळ्यात बदलल्या, चिडक्या झाल्या, गाणी बंद केली. तिघांनीही कारण आपल्याच कुठल्यातरी खोडीत शोधलं होतं. त्या हिवाळ्याच्या नोंदी पाहिल्या तर शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका दीर्घ रजेवर होत्या आणि दोन वर्ग एका खोलीत बसवले होते. युद्धानंतरच्या नियमाप्रमाणे प्राथमिक वर्गाची मर्यादा ४० होती आणि तीसुद्धा सर्रास ओलांडली जाई. त्यात दुसरा वर्ग येऊन बसला. सोल-फाचा तक्ता भिंतीवर होता, पण त्याच्यासमोर बाक लावल्यावर काठी फिरवायला जागाच उरली नव्हती. ही नोंद दाखवल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "मग त्यांना मदतीला कोणी दिलं नाही?" दिलं नव्हतं.

लानेलीच्या पुष्कळ शाळांची पुस्तकं कार्मार्दनच्या काउंटी अभिलेखागारात आहेत, काही अजून शाळांतच आहेत. मध्यंतरी तिथे बुरशी लागली म्हणून संग्रह स्वच्छ करून कार्डिफच्या ग्लॅमॉर्गन अभिलेखागारात ठेवला होता, आणि नवी इमारत झाल्यावर तो परत आला. जायच्या आधी कॅटलॉगमधला क्रमांक लिहून ईमेल करावा आणि ते पुस्तक खुलं आहे का ते विचारावं. जिवंत माणसांची माहिती असलेली पुस्तकं ठराविक वर्षं बंद असतात, दाखल रजिस्टरं जास्त वर्षं. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा. आत फक्त पेन्सिल चालते. जाड पुस्तक फोमच्या उतरत्या पाट्यांवर उघडायचं आणि पान कापडी वजनाने दाबायचं, हाताने नाही. फोटो काढायला परवानगी आणि काही ठिकाणी फी लागते. प्रत्येक फोटोच्या आधी पुस्तकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पानाशेजारी ठेवून एक फोटो घ्यावा. नाहीतर घरी आल्यावर सारख्याच निळ्या शाईच्या पानांचा ढीग उरतो आणि कुठलं पान कुठल्या शाळेचं ते कळत नाही.

शिक्षावही वेगळी असते: तारीख, नाव, गुन्हा, छड्यांची संख्या. तिच्यात मुख्याध्यापकांच्या छड्या असतात. वर्गातल्या बाईंनी बोटांच्या पेरांवर मारलेली पट्टी तिच्यात सहसा नसते. म्हणून वहीत नोंद नाही याचा अर्थ मार बसला नाही असा लावायचा नाही. सरकारी शाळांतली शारीरिक शिक्षा कायद्याने बंद झाली ती १९८७ मध्ये, म्हणजे आम्ही ज्यांच्याशी बोलतो त्या सगळ्यांनी ती पाहिलेली आहे.

वर्गाचा फोटो मिळाला तर मूळ फोटोवर काही लिहायचं नाही. ६०० डीपीआयवर स्कॅन, टिफ फाइल, मागची बाजूही स्कॅन करायची. मग मोठ्या छपाईवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढायच्या आणि पुढच्या रांगेत डावीकडून आकडे घालायचे. डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या, हे कागदावर लिहून ठेवायचं. नावं सांगताना लोक रांगा बदलतात, म्हणून आकडा बोलायला लावायचा: "सात नंबर कोण?" पुढच्या रांगेतल्या मुलाच्या मांडीवरच्या पाटीवर वर्ग आणि साल असतं, तिथे भिंग लावावं. शिक्षक कडेला उभे असतात आणि छपाईत कड कापली जाते, तेव्हा एकाच फोटोच्या दोन घरांतल्या प्रती बघाव्यात. मागे लिहिणं भागच असेल तर मऊ पेन्सिलने कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटतो.

संमतीपत्र मुलाखतीनंतर सही करून घ्यावं, आधी नाही, कारण आपण काय बोललो हे कळल्यावरच माणूस खरी संमती देऊ शकतो. १९८८ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बोललेल्या शब्दांवर बोलणाऱ्याचा हक्क असतो. तो अभिलेखागाराकडे द्यायचा की फक्त वापरायची परवानगी द्यायची, नाव लावायचं की नाही, काही भाग काही वर्षं बंद ठेवायचा का, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा इथे होत नाही, पण शिक्षिका किंवा त्यांची मुलं त्याच गावात असतात. नावानिशी आलेला गंभीर आरोप आम्ही बंद भागात ठेवतो. मुलांवरच्या अत्याचाराबद्दल कोणी सांगू लागलं तर ते ऐकून घ्यायचं, गुप्त ठेवायचं वचन द्यायचं नाही, आणि कुठे बोलता येईल ते सांगायचं. हे सगळं पहिल्या भेटीतच सांगून ठेवलेलं बरं.

लिहून काढायला तासाच्या मुद्रणाला सहा ते आठ तास लागतात. एकाच वाक्यात वेल्श आणि इंग्रजी येतं तिथे यंत्राने केलेलं लेखन कोलमडतं, वेल्श शब्दांच्या जागी कुठलेतरी इंग्रजी शब्द येऊन बसतात. वेळ नसेल तर दर दोन-तीन मिनिटांना वेळेचा आकडा घालून सारांश करावा आणि शिक्षकांची नावं, वर्ग, वस्तू एवढंच नेमकं लिहावं. बोलीतले शब्द सुधारायचे नाहीत. 'मिस' म्हणाले असतील तर 'मिस', पूर्ण नाव चौकटी कंसात. फाइलच्या नावात तारीख, शाळा आणि क्रमांक असावा, "आजी शेवटची खरी" असलं नाव असू नये. प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

एक प्रत बोलणाऱ्याला घरी नेऊन द्यावी, त्यांच्याकडे जे यंत्र असेल त्यावर वाजेल अशी. देताना ती वाजवून दाखवावी. फॉर्मवर कुटुंबातल्या आणखी दोघांची नावं आणि फोन घ्यावेत, कारण परवानगीबद्दलचा प्रश्न अभिलेखागाराकडून पुष्कळदा वर्षांनी येतो आणि तोवर पहिला फोन बंद झालेला असतो.